खोकं मजबूत, कागद पोकळ

कळंबात पार्सल बांधायची कला सध्या फारच वरच्या थराला पोचली आहे. ऑनलाइन विकलेली गोधडी परदेशी जायची असली की घरात लगीनघाई. आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग बबल रॅप, मग पुठ्ठ्याचं खोकं आणि त्यावर खाकी टेप इतकी, की उघडणाऱ्याला सुरी नव्हे, करवत लागावी. दोघं खोकं दाबून धरतात, तिसरा टेप ओढतो, चौथा मोबाइलवर रील काढतो. एवढं झाल्यावर फॉर्म पुढं येतो आणि सगळ्यांचा उत्साह ओसरतो. आत काय आहे? सर्वानुमते उत्तर येतं, "गिफ्ट." किंमत?

"लिव्हा की दहा डॉलर. तिकडं कोण उघडून बघतंय?"

बारा हजारांना विकलेली गोधडी, जिच्यात ती शिवणाऱ्या आक्कांचे तीन महिने आणि निम्म्या आळीच्या जुन्या साड्या गेल्या, ती कागदावर मंचरच्या थाळीच्या भावात जाते. आणि मग हेच लोक विचारतात, "पार्सल सेफ जाईल ना?"

गोधडी फुटत नाही. विमानातून टाकली तरी फुटणार नाही. पापडाचे तुकडे होतील, फारतर कुरडयांचा भुगा होईल. पण परदेशी जाणारा माल वाटेत जेवढा फुटतो त्याहून जास्त अडकतो, असं माझं मत आहे, आणि अडकतो तो खोक्यामुळं नव्हे, खोक्यावरच्या कागदामुळं. पूर्वी पार्सल मांजरपाटात शिवून, शिवणीवर लाखेचे ठिपके देऊन पोस्टात न्यायचे. तेव्हा बबल रॅप नव्हता, पण पत्ता आणि मजकूर घरातल्या सुवाच्य अक्षरवाल्याकडून लिहून घेतला जाई. आता अक्षर छापील झालं आणि मजकूर खोटा.

गिफ्टचं शास्त्र आधी समजून घेऊ, कारण सगळा रोग तिथं आहे. जकातवाल्याच्या लेखी भेट म्हणजे एका माणसानं दुसऱ्याला फुकट पाठवलेली वस्तू. ज्या वस्तूचा फोटो संकेतस्थळावर आहे, खाली किंमत आहे, पैसे डॉलरात जमा झालेत आणि खोक्यात वर "पंचतारांकित शेरा द्या" अशी चिठ्ठीही आहे, ती भेट कशी? तरी आपण लिहितो. कारण विक्री म्हटली की आयात-निर्यात कोड आला. हा कोड विदेश व्यापार महासंचालनालयाकडून पॅन कार्डावर मिळतो, ऑनलाइन मिळतो, त्याची फी आहे ५०० रुपये. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती ताजी करायची, त्याला पैसे पडत नाहीत. हे पाचशे वाचवायला आपण बारा हजारांचा माल जुगारावर लावतो, आणि वर टेपेला तीनशे खर्च करतो.

पुढची गंमत विम्याची. वाटेत पार्सल गहाळ झालं की नाना तणतणत खिडकीवर जातात.

"बारा हजारांची गोधडी गेली आमची. भरपाई पाहिजे."

"कागदावर दहा डॉलर आहे, नाना."

"ते आपलं लिहायला लिव्हलंय हो!"

कुठल्याही टपालखात्याची, कुठल्याही कुरियरची भरपाई जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. कर चुकवायला दहा आणि भरपाई मागायला बारा हजार, असे दोन आकडे एका कागदावर मावत नाहीत.

खोटं लिहिण्यात फायदाच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं लिहिणारे स्तंभलेखक शहरात राहतात. फायदा असतो. नऊ खोकी सुखरूप जातात, दर वेळी थोडे पैसे वाचतात, आणि गावात बातमी पसरते की अमक्याला सगळं माहीत आहे. दहावं खोकं उघडलं जातं. ते अडतं, गिऱ्हाईक पैसे परत मागतं, वाईट शेरा लिहितं, आणि तो शेरा पुढच्या सगळ्या गिऱ्हाइकांना दिसतो. अमका त्यानंतर वडापावची गाडी टाकतो.

आता फराळाकडं वळू, कारण दिवाळीच्या आधी कळंबपासून कोथरूडपर्यंत अर्धा जिल्हा निर्यातदार होतो. लेक कॅलिफोर्नियात, जावई चिवड्यावाचून वाळत चाललाय. इथं अमेरिकेच्या कायद्यानं मला खरोखर चकित केलं. अन्न पाठवायचं तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आगाऊ सूचना द्यावी लागते. हा नियम २००२ च्या जैविक दहशतवादविरोधी कायद्यातून आला. म्हणजे आपल्या शंकरपाळ्यांची दखल तिकडं या गांभीर्यानं घेतात. पण त्यातून एक सूट आहे: स्वतःच्या घरी स्वतः केलेला पदार्थ, तो करणाऱ्यानंच, कुणाला वैयक्तिक भेट म्हणून पाठवला, तर आगाऊ सूचना लागत नाही. आईनं तळलेली चकली आईनं लेकीला पाठवली की ती भेट. तीच चकली बचत गटानं तळली, पाकिटावर लेबल लावलं आणि पैसे घेतले की तो माल. कढई तीच, तेल तेच, भाजणीही तीच. अमेरिकन सरकारला चकली कुणी तळली याच्याशी देणंघेणं आहे, आणि आपण दोन्ही खोक्यांवर डोळे मिटून गिफ्ट लिहितो. आईचं खोकं खरं बोलतं, बचत गटाचं खोटं, आणि दिसायला दोन्ही सारखी. मग जकातवाला दोन्हींवर संशय घेतो, त्यात त्याची चूक काय?

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं तर बोलूच नका. दुधाची मिठाई, मध, बिया या बाबतीत ते देश सोवळ्यातल्या आजीपेक्षा कडक आहेत. बियांची राखी गेली तरी अडते. आमच्या पश्चिमेकडच्या गावांतल्या एकानं काचेच्या बरण्या फुटू नयेत म्हणून खोक्यात भाताचा पेंढा भरायचं ठरवलं होतं. पर्यावरणस्नेही, स्वस्त, शिवाय गावाकडचा वास. तिकडच्या लोकांना त्या वासातच कीड दिसते. पेंढ्यात पॅक केलेला माल चालत नाही. बरं, पुठ्ठा नको म्हणून सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली, तर त्याचाही जागतिक नियम आहे: निर्यातीच्या पेटीचं लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवायचं आणि तसा शिक्का पेटीवर हवा. म्हणजे जास्त काळजी घेणारा माणूस जास्त अडकला. आकाशकंदिलात बॅटरीची माळ घालणाऱ्यांनी आणि अत्तराची बाटली "सरप्राइज" म्हणून खोक्यात सरकवणाऱ्यांनीही जरा थांबावं. सुटी लिथियम बॅटरी टपालात चालत नाही, आणि अत्तर पेट घेतं. विमानाला सरप्राइज आवडत नाही.

अमेरिकेनं २०२५ साली जे केलं त्यानं मात्र भल्याभल्यांचे फॉर्म बदलले. तोवर ८०० डॉलरपर्यंतचा माल तिथं बिनकराचा उतरायचा. २९ ऑगस्टपासून ती सवलत गेली. कर गोळा कुणी करायचा, कसा करायचा याचा कुणालाच पत्ता नव्हता, त्यामुळं विमान कंपन्या टपाल घेईनात, आणि आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेचं बहुतेक बुकिंग बंद केलं, मग पुढं सगळंच. सुरू झालं १५ ऑक्टोबरला. वसुबारस १७ ला होती. त्या वर्षी टपालानं गेलेला फराळ अमेरिकेत पोचेपर्यंत तुळशीचं लग्नही उरकलं असेल. आणि परत सुरू झालं ते नव्या रीतीनं: तेव्हा जाहीर किमतीच्या सरसकट ५० टक्के कर, तोही इथंच, पाठवणाऱ्यानं, बुकिंगच्या वेळी भरायचा.

आक्कांनी हे ऐकलं आणि विळी बाजूला ठेवली.

"त्यांचा कर आन् आपन भरायचा?"

"गिऱ्हाइकाकडनं आधीच घ्यायचा, आक्का. किमतीत धरायचा."

"मंग गोधडी अठरा हजाराला पडंल. कोन घील?"

हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, वॉशिंग्टनकडं आहे. ते उत्तर तिकडच्या लहरीप्रमाणं बदलत असतं, म्हणून दर पाठवायच्या दिवशी विचारावा, मागच्या महिन्यातला पाठ करून ठेवू नये. पण रीत मला आवडली. जुन्या रीतीत कराचं बिल गिऱ्हाइकाच्या दारात फुटायचं. साठ डॉलरची वस्तू घेतलेल्या बाईसमोर पोस्टमन उभा राहून आणखी पैसे मागतो, बाई दार लावून घेते, आणि आपलं खोकं परदेशात पोरकं होतं. कर आधी भरलेला असला की दारात भांडण नाही. युरोपात हे २०२१ पासूनच चालू आहे. ब्रिटननं १ जानेवारीला आणि युरोपीय संघानं १ जुलैला छोट्या पार्सलांची करमाफी काढून घेतली. आता १५० युरोपर्यंतच्या मालावरचा कर मोठी विक्री-संकेतस्थळं गिऱ्हाइकाकडून विक्रीच्या वेळीच कापून घेतात आणि ऑर्डरच्या तपशिलात एक नोंदणी क्रमांक देतात. तो क्रमांक टपालाच्या इलेक्ट्रॉनिक फॉर्मात भरला नाही तर बर्लिनमधली बाई तोच कर दुसऱ्यांदा भरते आणि शिव्या कळंबला घालते. क्रमांक ऑर्डरवर छापलेला असतो. पण आपण ऑर्डर उघडतो ती फक्त रक्कम बघायला.

आता कुणी म्हणेल, हे सगळं खेड्यातल्या माणसाला कसं जमायचं? हे ऐकलं की मला राग येतो. पुणे-नाशिक रस्त्यानं कळंबहून नारायणगावकडं जा आणि तिथल्या द्राक्षवाल्याला गाठा. जगात द्राक्षाइतका नाजूक माल दुसरा नाही. बोटाची लव लागली तर डाग पडतो, शीतसाखळी तासभर तुटली तर घड मऊ पडतो. तो माल जुन्नर तालुक्यातून निघून जहाजानं रॉटरडॅमला पोचतो, तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा तर आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून पोचला. फक्त बर्फावर पोचला का? कागदावर पोचला. बागेची कृषी खात्याकडं नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेत अंशांची तपासणी, कीडमुक्तीचा दाखला, आणि शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदीवर पेटीपासून उलट मागे थेट प्लॉटपर्यंत जाणारा माग. रॉटरडॅमला एक पेटी खराब निघाली तर ती कुणाच्या बांधावरची हे कळतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. आपल्या बागायतदारांच्या भाषेत लिहोसिन. इथल्या तपासणीच्या यादीत तो पदार्थ नव्हताच. माल उत्तम, गोडी उत्तम, पेट्या उत्तम, आणि कंटेनर बंदरात अडकले. एका नावाची जागा यादीत रिकामी राहिली म्हणून कित्येकांचं वर्ष बुडालं. त्यानंतर यादी सुधारली, आणि बागायतदाराची वहीही. नववी शिकलेले बागायतदार आज कुठल्या औषधाचे अंश किती दिवसांनी उतरतात हे तोंडपाठ सांगतात. त्यांच्याच घरातला इंजिनीअर मुलगा ऑनलाइन पितळी समया विकतो आणि फॉर्मवर लिहितो: "गिफ्ट आयटम."

समई लिहा ना. पितळी समई, नग २, वजन इतकं, किंमत इतकी, भारतात बनवलेली. गोधडी असेल तर सुती, हातानं शिवलेली, नग १. प्रत्येक मालाला जगभर एक सांकेतिक क्रमांक आहे. गोधड्या-रजया ९४०४ या शीर्षकाखाली येतात, आणि २०२२ च्या सुधारणेत त्यांना आत स्वतंत्र घरही मिळालं. जगातल्या जकातवाल्यांनी गोधडीची दखल घेतली आणि आपण तिला "क्लॉथ" म्हणतो. टपाल खात्यानं २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं काढली आहेत, देशभरात हजाराहून जास्त. निर्यातीचं टपाल-बिल घरून ऑनलाइन भरता येतं, जकातीची तपासणीही ऑनलाइन होते. आता मुंबईला बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात हेलपाटे घालायचे दिवस गेले. बुकिंग झाल्यावर मिळणारा तेरा खुणांचा माग-क्रमांक, शेवटी इंग्रजी आय-एन असलेला, गिऱ्हाइकाला पाठवून द्यावा. पलीकडच्या देशाच्या टपालखात्याच्या संकेतस्थळावरही तोच चालतो.

जाता जाता एक जुनं प्रकरण. आपल्या भागाला निर्यात नवी, असं कुणी म्हणालं तर त्याला नाणेघाटात न्या. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दानं दिल्याचे शिलालेख आहेत. म्हणजे परदेशी गिऱ्हाईक पैसे पाठवत होतं, एवढंच नव्हे तर समाधानी होतं. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्राच्या सफरीचं जे पुस्तक लिहिलं, त्यात आपल्या कल्याण बंदराची तक्रार आहे: तिथं चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे "तुमचं पार्सल दुसऱ्या केंद्राकडे वळवण्यात आलं आहे." तेव्हाही कारण कळवत नव्हते.

चोरांचंही बोलायला हवं, कारण सगळे धोके जकातीत नसतात. एक नेहमीचा गिऱ्हाईक असा: तो जहाजावर इंजिनीअर असतो, किंवा लष्करात असतो, घासाघीस अजिबात करत नाही आणि माल बघत नाही. पैसे पाठवल्याचा ईमेल येतो, त्यात रक्कम ठरल्यापेक्षा जास्त. "वरचे पैसे माझ्या वाहतूकदाराला द्या, तो माल उचलेल." ईमेल खोटा असतो, वाहतूकदार खरा असतो, म्हणजे चोरीपुरता खरा. पैसे आले की नाही हे ईमेलमध्ये नव्हे, स्वतः खातं उघडून बघायचं. दुसरा गिऱ्हाईक जरा सभ्य: पैसे खरे भरतो आणि मग म्हणतो, मी घर बदललं, या नव्या पत्त्यावर पाठवा. पाठवलंत की सहा महिन्यांच्या आत तक्रार करतो, मला काही मिळालंच नाही. पेपॅलवर अशा तक्रारीला १८० दिवसांची मुदत असते. व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यावर माल पोचल्याचा पुरावा नसेल तर निकाल त्याच्या बाजूनं लागतो. नवा पत्ता हवा तर जुना व्यवहार रद्द, पैसे परत, नवी ऑर्डर. खरं गिऱ्हाईक कुरकुरत का होईना हे करतं.

तिसरा प्रकार तर माल न पाठवणाऱ्यांसाठी आहे. फोन येतो, तुमच्या नावाच्या परदेशी पार्सलात अमली पदार्थ सापडले, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. ज्यांनी आयुष्यात मंचरच्या पलीकडं पाकीट पाठवलं नाही, तीही माणसं घाबरून पैसे भरतात. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगावं लागलं की डिजिटल अटक असं काही कायद्यात नाही. फोन ठेवायचा आणि १९३० वर कळवायचं. इथं मात्र खरा कागद लिहिणाऱ्याचा फायदा असा, की आपण काय पाठवलं ते त्याला नक्की आठवतं.

राहिला फॉर्मवरचा शेवटचा चौकोन, जो कुणी वाचत नाही. पार्सल पोचवता आलं नाही तर काय करायचं: परत पाठवायचं, की सोडून द्यायचं? परत म्हटलं तर परतीचा खर्च पाठवणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतो. आठशे रुपयांच्या पापडांसाठी सरळ सोडून द्या, ते परत आले तरी खाववणार नाहीत. आक्कांनी मात्र हा चौकोन वाचला आणि पेन थांबलं.

"सोडून द्या कसं लिहू? सासूबाईंचं इरकल लावलंय तिच्यात."

मग "परत" लिहा, आक्का. पण मग परतीचा पत्ता नीट लिहा. "मारुतीच्या देवळामागं, कळंब, महाराष्ट्र" हा पत्ता आपल्या पोस्टमनला पुरतो, कारण त्याला तुमच्या सुनेचं माहेरही ठाऊक असतं. पण परदेशातून उलट येणारं खोकं मुंबईत उतरतं, आणि मुंबईच्या छाननीच्या टेबलावर महाराष्ट्रात कळंब एक नाही. धाराशिव जिल्ह्यात एक, यवतमाळात एक, आपल्याच पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात आणखी एक. हा घोळ ओळखूनच श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या संस्कृतच्या पंडितानं पिन कोडाची पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. सहा आकडे आहेत. तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, आणि खाली ते सहा आकडे, ठळक. धाराशिवची माणसं सज्जन आहेत, पण थंडी तिकडंही पडते.